हजार गाण्यांत सासूबाई

मला रॉक संगीत कळत नाही. कळत नाही म्हणजे आवडत नाही, पण आमच्या रिमू खोऱ्यात असं उघड बोललं तर लोक रस्त्यात भेटल्यावर हात करायचे बंद होतात, म्हणून कळत नाही असं म्हणायचं. मी कौन्सिलच्या इमारत-परवाना खात्यात आहे. लोकांच्या पडव्या, गोठे आणि पाण्याच्या टाक्या यांचे अर्ज तपासायचे, त्यातल्या त्रुटी शोधायच्या आणि अर्ज परत पाठवायचे, हे माझं काम. असं काम करून घरी आलेल्या माणसाला संध्याकाळी शांतता हवी असते. त्या वर्षी सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत ती मला मिळाली नाही, आणि याला कारण माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. जिवंतपणी त्यांनी मला एवढा त्रास कधीही दिला नव्हता.

ग्रॅनाइट एफएम नावाचं आमच्याकडे एक रेडिओ स्टेशन आहे. दर नोव्हेंबरात ते श्रोत्यांची मतं मागवतं आणि आठवडाभर हजार गाणी वाजवतं. सोमवारी सकाळी सहाला हजाराव्या गाण्यापासून सुरुवात करायची आणि शुक्रवारी रात्री नवाला पहिल्यावर येऊन थांबायचं. त्या आठवड्यात तारानाकीत, म्हणजे न्यूझीलंडच्या आमच्या या प्रांतात, कामं बंद पडत नाहीत, पण जो तो ती रेडिओच्या तालावर करतो. मेंढ्या कातरणारे, टायर बदलणारे, दातांचे डॉक्टर, सगळे. माझ्या दाढेत त्या आठवड्यात एकदा ड्रिल चालू असताना डॉक्टरांनी ढोलाच्या ठेक्यावर मान हलवलेली मी स्वतः पाहिली आहे. पहिल्या नंबरचं गाणं दरवर्षी तेच असतं. तरी त्यावरून वर्षभर भांडणं होतात.

तर सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी टोस्टवर खिमा वाढता वाढता माझी बायको रेविन म्हणाली, "लिंडसे, या वर्षी आईचं गाणं त्या हजारात यायला हवं."

सासूबाई, म्हणजे नोलीन, लग्नाआधी एका बँडमध्ये गात होत्या. बँडचं नाव 'द ड्राय काउज', म्हणजे आटलेल्या गाई. ढोल वाजवायला माझे सासरे डेस, गिटारवर क्लाइव्ह, बेसवर हेमी. त्यांनी एकच रेकॉर्ड काढली. गाण्याचं नाव 'जाताना फाटक लाव'. सोडून जाणाऱ्या प्रियकराला ती मुलगी सांगते, जा बाबा, पण फाटक लावून जा, गाई रस्त्यावर जातात. हे गाणं कुठल्याही रेडिओवर कधीही लागलं नाही. नोलीन चार-पाच वर्षांतून एकदा म्हणायच्या, "एकदा लागलं असतं तर बरं झालं असतं," आणि लगेच, "जाऊ दे, चहा ठेवते." आमच्याकडचा माणूस एखादी गोष्ट अशी अधूनमधून आणि घाईघाईत बोलला, की समजावं, त्याचा जीव तिथे अडकला आहे.

"आणि बाबांसाठी," रेविन म्हणाली. "आई गेल्यापासून त्यांनी तिचं नावसुद्धा घेतलेलं नाही. मी काढलं तर उठून गाईंकडे जातात. तिचा आवाज रेडिओवर आला तर काहीतरी बोलतील. शिव्या दिल्या तरी चालेल, पण बोलतील."

मी म्हणालो, "बघतो." कौन्सिलमध्ये 'बघतो' याचा अर्थ नाही असा होतो. घरी मात्र त्याचा अर्थ हो असा लावला जातो, हे बावीस वर्षांच्या संसारानंतरही माझ्या लक्षात राहत नाही.

रजा टाकून मी न्यू प्लिमथला स्टेशनच्या ऑफिसात गेलो. तिथे कर्स्टी नावाची, नाकात कडी घातलेली मुलगी होती. तिने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गाणं आमच्या मशीनमध्ये असल्याशिवाय त्याला मत धरत नाही. रेकॉर्ड आणून द्या. आणि बँडमधले जेवढे हयात आहेत, तेवढ्या सगळ्यांची लेखी संमती."

मी एक संमती आणली होती, रेविनची. ती पाहून कर्स्टी म्हणाली, "काका, तुमच्या अर्जात त्रुटी आहेत."

हे वाक्य माझं आहे. हयातभर मी ते इतरांना म्हणत आलो. ते असं उलटं येऊन कानावर पडलं तेव्हा किती लागतं हे मला पहिल्यांदा कळलं, आणि परवाना न मिळालेल्या काही पडव्या माझ्या डोळ्यांपुढून सरकून गेल्या.

हेमीची संमती सोपी होती. त्याने गाडीच्या बॉनेटवर सही केली, मला बळेच जेवायला बसवलं, आणि निघताना आपल्या सगळ्या गोतावळ्याची मतं द्यायचं कबूल केलं. त्याचा गोतावळा म्हणजे लहानसा तालुका आहे. डेसनी गोठ्यातच कागद घेतला, न वाचता सही केली आणि म्हणाले, "करा काय करायचं ते." त्यांच्या शेजारी खिळ्याला नोलीननी टांगलेला रेडिओ होता. त्याचं बटण कधीच तुटलं होतं, त्यामुळे सासूबाईंनी लावून ठेवलेलं ग्रॅनाइट स्टेशन जन्मभरासाठी कायम झालं होतं. "हा गाईंसाठी आहे," डेस नेहमी सांगत. "दूध काढायच्या मशीनच्या आवाजात मला काय ऐकू येणार?"

राहिला क्लाइव्ह. क्लाइव्हचं एल्थमला गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान. तो आणि डेस बँड मोडल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. वाद एवढाच होता, की क्लाइव्हच्या मते त्या रेकॉर्डवर डेसनी ढोल फार पळवला, आणि डेसच्या मते ढोल बरोबर होता, गिटार झोपली होती. एवढ्यावर पंचेचाळीस वर्षं काढलेली. दोघे एकाच बाजारात जात, एकाच पंपावर पेट्रोल भरत, आणि समोरासमोर आले की हवामानाकडे बघत.

मला नुसतं जाऊन सही मागायचा धीर होईना, म्हणून मी आमचं यंत्र दुरुस्तीला नेलं. ते चांगलं चालत होतं. क्लाइव्हने ते खोलून पाहिलं आणि तसं सांगितलं. मी हवामानावर बोलून परत आलो. दुसऱ्या वेळी मी आधी घरी त्यातला एक स्क्रू काढून ठेवला. तिसऱ्या वेळी ते खरंच बंद पडलं होतं. तेव्हा मी विषय काढला, आणि क्लाइव्ह हात पुसत म्हणाला, "डेसला म्हणावं, फास्ट वाजवलं होतंस एवढं कबूल कर. मग कुठंही सही करतो."

हे मी डेसना सांगितलं. डेस म्हणाले, "त्याला म्हणावं, गिटारला तेलपाणी कर." हे मी क्लाइव्हला सांगितलं. असे माझे पंधरा दिवस गेले. आमच्या अंगणातलं गवत गुडघ्याएवढं झालं, कारण यंत्र एल्थमलाच होतं.

शेवटी रेविन गेली. मी गाडीतच बसून राहिलो. ती आत जाऊन म्हणाली, "क्लाइव्ह काका, आईचा आवाज तेवढ्याच एका रेकॉर्डवर आहे." क्लाइव्हने काउंटरवरच सही केली, आतून स्वतःकडची रेकॉर्ड आणून दिली, फडक्यात गुंडाळलेली, आणि वर आमचं यंत्रही गाडीत ठेवून गेला. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू हे आधीच का नाही सांगितलंस रे?" मी हवामानाकडे पाहिलं.

गाणं स्टेशनच्या मशीनमध्ये गेलं, आणि आता मतं. इथे आमचे शेजारी मर्व्ह रिंगणात उतरले. मर्व्हचं शेत आमच्या घराला लागून. त्यांना कशातलंही सगळं कळतं, आणि जे कळत नाही ते ते जास्त मोठ्याने सांगतात. "लिंडसे, लेका, तुला लोकांत मिसळता येत नाही," ते म्हणाले. "हे काम माझ्यावर सोड." मतदानाची पद्धत अशी होती, की प्रत्येकाने आपल्या आवडीची दहा गाणी क्रमाने लिहायची. पहिल्याला दहा गुण, मग नऊ, असं करत दहाव्याला एक. मर्व्हनी मतांच्या चिठ्ठ्या पेट्रोल पंपावर ठेवल्या, खाटकाकडे ठेवल्या, बोलिंग क्लबात ठेवल्या. अंत्ययात्रेनंतरच्या चहातही वाटल्या, त्यावर थोडी कुजबुज झाली. पण खोऱ्यातल्या प्रत्येक माणसाने मत दिलं. जो भेटेल तो मला सांगे, "नोलीनला दिलं हं मत!" मी रोज आभार मानून मानून थकलो. माझा स्वभाव आभार मानून घेण्याचा आहे.

मग जुनीच अडचण आठवली, की ग्रॅनाइट स्टेशन आमच्या खोऱ्यात ऐकूच येत नाही; लोक ते खोऱ्याबाहेर कामाला जातात तेव्हा ऐकतात. डोंगर आडवे येतात. डेसचा गोठा डोंगराच्या खांद्यावर असल्यामुळे तिथे येतं, पण खाली वस्तीत नुसती खरखर. मर्व्हनी लगेच हॉलमध्ये सभा घेतली आणि ठरवलं, की हॉलच्या छपरावर उंच एरियल उभारायचा आणि सगळ्यांनी मिळून ऐकायचं. पाइप मर्व्हनी दिला. छपरावर कोण चढणार, यावर सगळे माझ्याकडे बघू लागले.

आमच्या हद्दीत छपरावर बारा फुटांहून उंच खांब उभारायचा तर परवाना लागतो. हा नियम मीच लिहिलेला आहे. मी अर्ज केला, तो माझ्याच टेबलावर आला. मी तो तपासला, त्यात मला एक त्रुटी सापडली, ती मी दुरुस्त केली. तेवढ्यात आमचे खातेप्रमुख मागे उभे राहून म्हणाले, "लिंडसे, अर्ज करणारा तू आणि तपासणाराही तूच, हे बरं दिसत नाही." म्हणून तो शेजारच्या कौन्सिलच्या तपासनिसाकडे गेला. त्याने कळवलं, सोमवारी नऊ वाजता येतो, तोपर्यंत एरियलला जोडणी करू नये.

"पण कार्यक्रम सहाला सुरू होतो," रविवारच्या सभेत मर्व्ह म्हणाले. "तीन तास बुडणार. कोणीतरी गाडी काढून टेकडीवर जाऊन बसूया का?"

मी थकलो होतो. माझ्या गुडघ्याला छपराचा पत्रा लागला होता. "मर्व्ह," मी म्हणालो, "त्या तीन तासांत तळातली गाणी असतात. हजारावं, नऊशे नव्वदावं. अख्ख्या खोऱ्याने मत दिलेलं आपलं गाणं तळात असेल असं तुम्हाला वाटतं?"

सगळे मर्व्हकडे रागाने बघू लागले, आणि मर्व्ह ओशाळून म्हणाले, "छे, छे, तसं नव्हे." डेस कोपऱ्यात खुर्च्या रचत होते. त्यांनी पुढची खुर्ची उचलून रचेवर ठेवली.

सोमवारी साडेनऊला तपासनीस पास करून गेला, एरियल जोडला आणि हॉलमध्ये रॉक संगीत घुसलं. आठ-दहा जण होते. गाणं दिवसभरात आलं नाही. रेविनने संध्याकाळी डेसना विचारलं, "बाबा, सकाळी गोठ्यात काही ऐकू आलं?"

"मशीन चालू असताना काय ऐकू येतं?" डेस म्हणाले आणि पाव खात राहिले.

मंगळवारी गाणं आलं नाही. यावर मर्व्हनी अर्थ काढला, की हे उत्तम लक्षण आहे. गाणी तळातून वर चालली आहेत, म्हणजे जितकं उशिरा येईल तितकं आपलं गाणं वर. तर्कात खोट काढता येईना, आणि खोट काढणं हा तर माझा धंदा. मंगळवारी संध्याकाळी हॉलमध्ये वीस माणसं होती, बुधवारी चाळीस. बुधवारी गाणं आलं नाही तेव्हा टाळ्या पडल्या. लोक डेसचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवत होते. डेसचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चाललेला मला दिसत होता. मी समजलो, बिचाऱ्यांना आठवण येते आहे.

"टँकरवाला सांगत होता, सोमवारी डेसचं दूध कमी भरलं," मर्व्ह मला बाजूला घेऊन म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वय झालं रे. हे गाणं लवकर लागलेलं बरं." मर्व्ह स्वतः गोठ्यात फक्त बातम्या लावतात. गिटार ऐकली की त्यांच्या गाई दूध चोरतात.

गुरुवारी मी न राहवून कर्स्टीला फोन केला. "आमचं गाणं होऊन तर गेलेलं नाही ना?"

"काका, यादी शेवटपर्यंत गुप्त असते. मला काहीही सांगता येत नाही."

"काहीही म्हणजे?"

"काहीही." आणि ती हसली.

त्या हसण्याचं मी हॉलमध्ये वर्णन केलं. ही माझी चूक झाली. तासाभरात खोऱ्यात बातमी गेली, की गाणं पहिल्या दहात आहे, आतून कळलं आहे. मर्व्हनी शुक्रवारसाठी खाटकाकडे सॉसेजची ऑर्डर दिली. बायकांनी आपापसात कोण काय करून आणणार ते वाटून घेतलं, तरी पाच पावलोव्हा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या फेसाचे केक, येणार हे ठरलेलंच. हेमी दोन गाड्या भरून गोतावळा घेऊन येतो म्हणाला. स्थानिक पेपरचा माणूस आला आणि त्याने एरियलचा फोटो काढला, त्यात खाली माझा गुडघा आला आहे. एक म्हातारी मला विचारून गेली, की पहिला नंबर आला तर नोलीनचा पुतळा उभारायला कौन्सिलचा परवाना लागेल का. मी म्हटलं, उंचीवर अवलंबून आहे.

शुक्रवारी संध्याकाळी हॉल भरून लोक बाहेर उभे होते. क्लाइव्हही आला. तो एका भिंतीला टेकला, डेस दुसऱ्या भिंतीजवळ चहाच्या बंबाशी, आणि मध्ये सारं खोरं. पहिली दहा गाणी सुरू झाली. प्रत्येक नवं गाणं सुरू झालं, की ते आपलं नाही म्हणून लोक जल्लोष करत. तिसरं, दुसरं. रेविनने माझं मनगट धरलं होतं, तिची नखं मला लागत होती. मग पहिलं गाणं सुरू झालं. दरवर्षीचंच.

ते संपलं. निवेदकाने सगळ्यांचे आभार मानले आणि टायरची जाहिरात लागली. कोणीतरी रेडिओ बंद केला.

हॉलमध्ये दीडशे माणसं होती. सगळे माझ्याकडे बघत होते. रेविन मात्र बघत नव्हती. तिने माझं मनगट सोडलं, आणि ते मला जास्त लागलं. मी उठलो. "मंडळी," मी म्हणालो, "गाणं आलं नाही. मी केलेल्या कामात कुठेतरी त्रुटी राहिली. मी सगळ्यांची..."

"आलं होतं," बंबाजवळून डेस म्हणाले.

सगळ्या माना वळल्या.

"सोमवारी. सहाच्या बातम्या झाल्या आणि पहिलंच. हजारावं." डेस हातातल्या कपाकडे बघून बोलत होते. "मी सकाळीच सांगणार होतो. पण लिंडसे छपरावर होता. मंगळवारी मर्व्हने येऊन हात मिळवला. बुधवारी टाळ्या पडल्या. गुरुवारी सॉसेज सांगून झाले. मग माणसाने सांगायचं कधी?"

"हजारावं?" मर्व्ह ओरडले. "अख्ख्या खोऱ्याने मत दिलं, आणि हजारावं? हे कसं शक्य आहे?" मग ते एकदम थांबले. "म्हणजे, मी दहाव्या जागी लिहिलं होतं. नऊ माझी ठरलेली आहेत. म्हटलं, बाकीचे वर लिहितीलच की."

"मीही दहावं," खाटीक म्हणाला.

"आम्ही सगळे दहावं," हेमी म्हणाला. "तुम्हा लोकांच्या पुढे पुढे नको म्हटलं."

"दहावं," क्लाइव्ह भिंतीजवळून म्हणाला. "स्वतःच्या गाण्याला वर कसं लिहायचं? बरं दिसत नाही." डेसनी तर मतच दिलं नव्हतं, त्याच कारणाने. अख्ख्या खोऱ्याने एकमेकांवर विश्वास टाकून सासूबाईंना एकेक गुण दिला होता. मी आणि रेविन यांनी दहा-दहा दिले नसते, तर त्या हजारातही आल्या नसत्या. रॉक संगीताच्या बाबतीत माझ्या हातून घडलेली ही एकमेव सेवा आहे.

पण रेविनला हे कुठलंच ऐकू येत नव्हतं. ती डेसच्या समोर जाऊन उभी राहिली होती. "मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा. ऐकू आलं का म्हणून. तुम्ही म्हणालात, मशीन चालू असताना काय ऐकू येतं."

"खोटं नाही बोललो," डेस म्हणाले. "मशीन मी बंद केलं होतं."

हॉलमध्ये बसलेले निम्मे लोक गाईवाले. त्यांच्यात एक सुस्कारा फिरला. मर्व्हनी टोपी काढली. "बंद केलंस? गाई मशीनला लागलेल्या असताना?"

"सगळ्या लागलेल्या होत्या. सडांना लावलेले कप पडले खाली. दूध गेलं." डेसनी चहाचा कप बंबाशेजारी ठेवला. "नोलीनचा आवाज आला, आणि हात गेला बटणाकडे. सगळं शांत झालं. गाई पण उभ्या राहिल्या. त्या गोठ्यात ती पहाटे गायचीच की. ती गायला लागली की पुढची पांढरी गाय पान्हा सोडायची. त्या गाईची नात आहे आता तिथं. तिनंही सोडला." दोन वर्षांत नोलीन हे नाव त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलं नव्हतं, आणि आता त्यांना थांबता येत नव्हतं. "तुला सांगायला हवं होतं, रेविन. चुकलं माझं. पण चार दिवस ती माझ्या एकट्याचीच होती. सांगितलं असतं की सगळ्यांची झाली असती."

रेविन रडत होती. तिचा राग गेला नव्हता, हे मला तिच्या खांद्यांवरून कळत होतं, पण तिने बापाचा हात धरला. "कशी वाटली आई?" तिने विचारलं.

डेसनी दुसऱ्या हाताने बंबाची तोटी घट्ट केली.

"धावत होती बिचारी," ते म्हणाले. "श्वास घ्यायला जागाच नव्हती तिला. कडव्याच्या शेवटी तर दम लागलेला स्पष्ट ऐकू येतो." मग त्यांनी गर्दीवरून पलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. "क्लाइव्ह. फास्ट वाजवलंय मी."

क्लाइव्हने दोन्ही हात खिशात घातले, पुन्हा बाहेर काढले. पंचेचाळीस वर्षं तो या वाक्याची वाट बघत होता, आणि आता मिळाल्यावर त्याचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

"थोडंसंच," तो म्हणाला.

मी बाहेर येऊन सॉसेज उलटू लागलो. कोणीतरी उलटायला हवेच होते. माझे डोळे भरून आले होते आणि ते धुराने नव्हे. आतून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते, कोणीतरी पावलोव्हा कापत होतं, आणि डेस नोलीनबद्दल बोलत होते, एक संपलं की दुसरं. थोड्या वेळाने मर्व्ह ताट घेऊन माझ्याजवळ आले. "पुढच्या वर्षी लेका, सगळ्यांना सांगून ठेवतो, पहिलं लिहा."

"मर्व्ह," मी म्हणालो, "सॉसेज घ्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे रेविन दूध काढायला डेसबरोबर गोठ्यात गेली, आणि तिला सोडायला म्हणून मीही गेलो. डेस तिला गाईंमधून फिरवत दाखवत होते. पहिलं कडवं इथं होतं, या गाईपाशी. दुसरं इथं, हा कप पडला तेव्हा. रेडिओवर मेंढ्यांच्या औषधाची जाहिरात चालली होती. ते दोघे आपल्यातच होते, म्हणून मी न बोलता निघालो. गाडीपाशी पोहोचल्यावर लक्षात आलं, मागे फाटक उघडंच राहिलं आहे. या घरात मी जावई म्हणून पहिल्यांदा आलो त्या दिवशीही ते मी उघडंच टाकलं होतं, आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडल्या होत्या. या वेळी कोणी ओरडलं नाही. मी तरीही क्षणभर थांबलो, आणि मग परत जाऊन फाटक लावलं.